बेचिराग गावची शिव

वेशीपाशीच थांबा. परक्या माणसानं एकदम गावात शिरायचं नसतं.

शके 1758 चा वैशाख आहे, शुद्ध दशमीची सकाळ. इंग्रजी हिशेबानं 1836 सालच्या एप्रिलचा शेवटचा आठवडा. ऊन वर यायला अवकाश आहे, तरी वारा आत्तापासूनच तोंड भाजतोय. वेशीचे दोन दगडी खांब उभे आहेत, पण वरची कमान पडून गेली आहे. गावकूस जागोजाग ढासळलंय. खिंडारं बुजवायला माती लागते, माणसं लागतात. ती आत्ता गावात पुरेशी नाहीत, म्हणून तिथं बाभळीच्या फेसाट्या रचल्या आहेत.

हे वरकुटे. तुमच्या माहितीतली वरकुटी दोन, बुद्रुक आणि खुर्द, दोन्ही इंदापूर तालुक्यातली. तुम्ही दोहोंपैकी कुठल्याही वरकुट्याचे असा, ओळखीची एकही खूण इथं सापडायची नाही. ऊस नाही, डाळिंबाची बाग नाही, विजेचा खांब नाही. नीरेचा डावा कालवा 1885 साली यायचा आहे. उजनीचं पाणी तर आणखी जवळजवळ शंभर वर्षांनी. पळसदेवचं जुनं देऊळ अजून भीमेच्या काठावर कोरड्या जमिनीत उभं आहे. समोर दिसतात ती शाळवाची धसकटं आणि त्यांच्यामधून गेलेली बैलांची पायवाट. निम्मं शिवार पडीक आहे.

वेशीच्या सावलीतून येसकर, वेस राखणारा महार, उठतो. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. तुमच्यापासून पाच-सात हात अंतर ठेवून तो वाकतो.

“जोहार, मायबाप. कुठनं येनं झालं?”

सवयीनं तुमच्या तोंडून “रामराम” निघून जाईल. तो दचकतो आणि इकडंतिकडं बघतो. रामराम हा एकमेकांना बरोबरीचं मानणाऱ्यांचा नमस्कार. महारानं जोहार घालायचा आणि समोरच्यानं मान हलवायची, इतकीच रीत त्याला ठाऊक आहे. तुमच्या रामरामाला काय उत्तर द्यायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो काही बोलत नाही. मात्र पुढचे दोन दिवस तो तुम्हाला विसरणार नाही.

पुढचे प्रश्न तुम्हाला चावडीवर विचारले जातील. गाव कोणतं, कूळ कोणतं, जात कोणती. तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पाण्याचा तांब्या पुढं येणार नाही. तुमच्या ओंजळीत पाणी वरून पडणार की तांब्या हातात मिळणार, चावडीच्या जोत्यावर घोंगडी अंथरली जाणार की खालीच बसावं लागणार, हे सगळं त्या तीन उत्तरांवर ठरतं. तुम्ही काय सांगाल ते तुमच्यापाशी. पण सांगताना त्या प्रश्नाचं वजन छातीवर जाणवू द्या, कारण इथली प्रत्येक भाकरी आणि प्रत्येक देव या प्रश्नाच्या अलीकडं किंवा पलीकडं आहे.

गावात फिरा. माणसं राहतात ती पांढरी आणि पिकं येतात ती काळी, असे गावाचे दोन भाग. पांढरीत पन्नासेक घरांची जोती मोजता येतील, पण धूर निघतो तो निम्म्याहून कमी घरांतून. बाकीची जोती नुसतीच उभी आहेत, त्यांच्यावर तरवड आणि रुई माजली आहे. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही त्याला कागदोपत्री बेचिराग म्हणतात. या भागातली कितीतरी गावं तशी झाली होती. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरानं पेशव्याची आणि शिंद्याची फौज मोडली. त्यानंतर त्याच्या फौजा आणि मागून पेंढारी मुलखात सुटले. पेवांतलं धान्य गेलं, बैल गेले, आणि त्याच्या पुढच्याच साली पाऊस गेला. 1803 चा तो दुष्काळ पाहिलेली म्हातारी अजून जिवंत आहे. ती तुम्हाला जात्यापाशी भेटेल.

तिच्या अंगावर ठिगळांचं लुगडं आहे आणि कपाळ मोकळं आहे. जात्याचा खुंटा हातातून न सोडता ती बोलते. त्या वर्षी ती सासरी नवी होती. घरातली सात माणसं भीमा ओलांडून पलीकडं मोगलाईत, परांड्याच्या बाजूला गेली. निजामाच्या मुलखाला इथं सगळे मोगलाईच म्हणतात. वाटेत झाडपाला शिजवून खाल्ला. सातांतली तीन पोचली. पुढं गावाला कौल मिळाला, जमीन कसा, पहिली काही वर्षं थोडा आकार द्या, मग हळूहळू चढत्या दरानं द्या, असा इस्तावा मिळाला, तेव्हा ते परत आले. आले ते आपल्या घराच्या जोत्यावर, आणि पहिल्या संध्याकाळी तिनं काय केलं? चूल नंतर पेटवली. आधी मारुतीपुढं पणती लावली, दोन दिवस पुरवून ठेवलेल्या तेलाची. देवळाला छप्पर नव्हतं. मारुती उघड्यावर उन्हात उभा होता, अंगावरचा शेंदूर खपल्या होऊन पडलेला.

“देव तरी कुठं जानार हुता?” ती म्हणते. “आम्ही गेलो, त्यो ऱ्हायला.”

असं परत आलेलं गाव जुन्या गावासारखं नसतं. हे चावडीवर अर्धा तास बसलात तरी कळेल. एका बाजूला मिरासदार बसतात. त्यांच्या वाडवडिलांची जमीन, गोतसभेत त्यांचा शब्द, लग्नात त्यांचा मान, पोळ्याला पाटलामागोमाग त्यांचे बैल. दुसऱ्या बाजूला उपरी, बाहेरून येऊन दुसऱ्याची पडीक जमीन कसणारे. पूर्वी उपऱ्यांना चावडीवर तोंड उघडायचं कारण नव्हतं. आता मिरासदारांची घरंच्या घरं नाहीशी झाली आहेत. शेतांची नावं मात्र त्यांचीच चालतात. अमक्याचं थळ म्हणून ज्याच्याकडं बोट दाखवतात, त्या अमक्याच्या वंशात कुणी उरलेलं नसतं. गतकुळी जमीन म्हणतात तिला. नावं मेलेल्यांची आणि नांगर उपऱ्यांचा. जत्रेच्या वर्गणीत उपऱ्यानं निम्मा वाटा उचलला, तर पालखीच्या दांडीला खांदा द्यायचा मान त्याला का नाही, हे भांडण यंदा चावडीवर आलंय. मला हे भांडण फार मोलाचं वाटतं. उजाड झालेलं गाव पुन्हा वसवताना माणसांना जमीन लागते, पाणी लागतं आणि त्याच्याइतकीच देवाच्या पालखीखाली आपल्या खांद्यापुरती जागा लागते.

बाकी गावगाडा जेमतेम चालतो. सुतार आहे, लोहार शेजारच्या गावाहून येतो, कुंभार अजून परतलेला नाही म्हणून मडकी इंदापूरच्या बाजारातून डोक्यावर आणावी लागतात. गुरव देवळाची झाडलोट करतो. जत्रेतल्या बोकडावर सुरी फिरवायला मुलाणी लागतोच, त्याचं बलुतं सुगीला खळ्यावर मोजून दिलं जातं. रामोशी रात्री गस्त घालतो. उमाजी नाईकाला पुण्यात फाशी दिल्याला चार वर्षं झाली, 3 फेब्रुवारी 1832 ला. पण त्याचं नाव काढलं की रामोशी अजून आवाज खाली आणतो.

ऊन डोक्यावर यायच्या आत शिवेवर चला. आजचा दिवस त्यासाठीच निवडला आहे.

शिवेच्या लिंबाखाली तंबू लागलाय. कुंपनी सरकारची मोजणी सुरू आहे. ही दुसरी मोजणी. पहिली रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या साहेबानं 1828 ते 1830 या काळात केली होती. शेतात किती पिकतं, खर्च किती होतो ते काढायचं आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या शंभरातले पंचावन्न सरकारनं घ्यायचे, हा त्याचा हिशेब. हिशेब कागदावर पक्का होता. पण तो ज्यांच्या सांगण्यावरून लिहिला गेला त्यांनी जे सांगितलं ते, आणि बरड माळावर जे पिकतं ते, यात मेळ नव्हता. पाऊस कमी झाला, भाव पडले आणि लोक पुन्हा भीमेपलीकडं जाऊ लागले. इंदापूर पुन्हा रिकामं व्हायला लागलं. तेव्हा 1835 साली गोल्डस्मिड या तरुण अधिकाऱ्यानं इथंच, याच तालुक्यात, नव्यानं काम धरलं. जोडीला लेफ्टनंट विंगेट. आता आकार कमी होणार आहे आणि एकदा बसला की तीस वर्षं वाढणार नाही, अशी बोलवा गावात आहे. लोकांचा विश्वास बसत नाही. पण तंबूभोवती गर्दी आहे.

मोजणीदारांचे हात बघा. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बिघा आणि चाहुरात बोलणाऱ्या माणसांना हे नवे शब्द जड जातात. पोरं मात्र “गुंठा, गुंठा” म्हणत साखळीमागं पळतायत. प्रतबंदीचा कारकून जागोजाग खड्डा घेऊन माती किती खोल आहे ते हातानं मोजतो. काळी, तांबडी, बरड, आणि प्रत्येकीच्या तीन प्रती, अशा नऊ. कुळकर्णी हे सगळं दुरून बघतोय. आजवर कुणाची जमीन कुठं आणि किती हे फक्त त्याच्या तांबड्या रुमालातल्या कागदांना ठाऊक होतं.

मोजणी अडली आहे. शेजारच्या गावचा पाटील म्हणतो, ओढ्याच्या अलीकडचा माळ आमचा. इथला पाटील म्हणतो, आमचा. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी दोन्ही गावं उठली. त्यानंतर हा माळ कुणी नांगरला नाही. शिवेचे दगड कुठं वाहून गेले, कुठं झुडपांत बुडाले. दोन्ही पाटलांची उमर चाळिशीच्या आतली, त्यांनी शिव कधी पाहिलेलीच नाही. दोघंही तावातावानं भांडतायत ते ऐकलेल्या गोष्टीवर.

आता कुणाला बोलावतात ते पाहा.

मागं, घोळक्यापासून वेगळा, एक म्हातारा महार उकिडवा बसला आहे. साठी उलटलेली, डोळ्यांवर सारा आलेला. गावाची शिव महाराला ठाऊक असते आणि शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष धरतात, अशी पिढ्यानपिढ्यांची वहिवाट. त्याचं वतनच ते. सरकारी थैली पोचवायची, मेलेलं जनावर ओढायचं, पाहुण्याचं घोडं धरायचं, आणि शिव सांभाळायची. बेदरच्या पातशहानं आपल्या पूर्वजाला बावन्न हक्क दिले असं ही माणसं सांगतात. त्या हक्कांत पोटाला पुरेल असं फार थोडं आहे आणि राबणूक मात्र रात्रंदिवस आहे.

म्हातारा उठतो. आंघोळ करून आलाय, धोतराचा तुकडा अजून ओला आहे. गुरव वरून, शिवू न देता, त्याच्या हातावर बेलभंडार टाकतो. म्हातारा वाकून मूठभर माती उचलतो आणि डोक्यावर ठेवतो. शिवेची माती डोक्यावर घेऊन जो खोटं चालेल त्याच्या घराण्याचा नाश होईल, अशी ही शपथ. आता कुणी बोलायचं नाही.

तो अनवाणी चालू लागतो. तुम्ही त्याच्या मागं चाला, अंतर ठेवून नव्हे, अगदी मागं. लोक बघतील, बघू द्या. लिंबापासून म्हसोबाच्या दगडापर्यंत सरळ. तिथून पाऊल डावीकडं. एका करवंदाच्या जाळीपाशी तो थांबतो आणि काठीनं माती उकरतो. टीचभर खाली शेंदराचा अंश असलेला दगड लागतो. घोळक्यातून आवाज उठतो. तो वळून बघत नाही. ओढ्याच्या वळणापर्यंत त्याला पाच दगड सापडतात. एका ठिकाणी दगड नाही, तिथं तो जमिनीवर हात टेकून बराच वेळ बसतो, मग म्हणतो, “हितं आपट्याचं झाड व्हतं. जळालं त्या साली.” कारकून लिहून घेतो.

दोन्ही गावं उठली तेव्हा हा कुठं होता? साहेबानं दुभाष्यामार्फत नव्हे, सरळ मराठीतच विचारलं. म्हातारा म्हणाला, आधी सगळे गेले, मीही गेलो, पण दर वर्षी एकदा परत येऊन शिव चालून जायचो. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. दिवा नव्हता, माणूस नव्हतं, दस्त नव्हता.

“मान्सं गेली म्हनून शिव जातीया व्हय?”

साखळी पुन्हा ताणली जाते. साहेबाच्या नकाशावर एक रेघ पुढं सरकते. दोन्ही पाटील कागदाखाली नांगराची निशाणी करतात. म्हाताऱ्याच्या पुढ्यात, जमिनीवर, भाकरीचा तुकडा आणि कांदा ठेवला जातो. तो ते घेतो आणि महारवाड्याकडं जातो. महारवाडा गावकुसाच्या बाहेर आहे. ज्यानं गावाची हद्द डोक्यावर वाहिली, त्याचं घर त्या हद्दीच्या आत असूनही गावाच्या बाहेर आहे. याला मी दुसरा कुठला शब्द लावणार नाही, हा अन्याय आहे आणि तो गावातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर रोज होतो.

संध्याकाळी ताशाचा आवाज येतो. यंदा मोहरम आणि वैशाख एकत्र आले आहेत. कत्तलची रात्र दशमीला आली आहे आणि उद्या एकादशी. मुलाण्याच्या दारात बांबूच्या कामट्यांचा आणि रंगीत कागदाचा ताबूत उभा आहे, पुरुषभर उंच. ऊद जळतोय. पहिला नारळ पाटलाचा. नवस बोललेली कुणब्याची पोरं फकीर झाली आहेत, गळ्यात हिरवा दोरा, दहा दिवस पायात चप्पल नाही. ताबुतापुढून तान्ही मुलं नेली जातात, कारण मागच्या सालात देवीच्या साथीनं घरंच्या घरं रिकामी झाली. मूल वाचवणारा कोण, पीर, देवी की मारुती, हे ठरवण्याइतकी सवड त्या आयांना नाही. त्या सगळ्यांपुढं डोकं टेकतात. कुठल्याही धर्मपंडितापेक्षा मला त्या आयांचं शहाणपण खरं वाटतं.

रोगाचीही शिव असते, हे विसरू नका. पटकी आली की मरीआईचा गाडा निघतो. पोतराज अंगावर आसूड ओढत पुढं, मागं बायका, आणि गाडा शिवेच्या पलीकडं ढकलून द्यायचा. मग पलीकडच्या गावानं तो आपल्या शिवेपलीकडं ढकलायचा. सकाळी ज्या दगडांसाठी दोन पाटील भांडत होते, त्याच दगडांवरून रात्री मृत्यू दुसऱ्याच्या अंगणात सरकवला जातो.

दुसरा दिवस एकादशीचा. दुपारी ताबूत ओढ्याच्या डोहावर थंडे होतात. पाणी गुडघाभरच उरलंय. उपाशी माणसं देवळापुढच्या पटांगणात झोपून संध्याकाळची वाट बघतात. नीरा आणि भीमेच्या संगमावर नृसिंहपूरला चतुर्दशीची जत्रा आहे, तिकडं निघालेले एक बुवा आज इथं मुक्कामाला आहेत. कीर्तन होणार.

रात्री मारुतीपुढं जागा धरा. देवळावर आता छप्पर आहे, माळवदाचं नव्हे, गवताचं. एक मशाल, एक मृदंग, चार टाळ. वीणा बुवांच्या गळ्यात. पुढं ब्राह्मण आणि मिरासदार, मागं उपरी, बाजूला बायका, त्यांच्यामागं मुलाणी आणि त्याची दोन पोरं, काल ताशा वाजवून हात सुजलेली. सगळ्यांच्या मागं, ओट्याच्या पलीकडं, जिथं मशालीचा उजेड पोचत नाही, तिथं अंधारात काही माणसं बसली आहेत. ती दिसत नाहीत. खोकला ऐकू येतो, मूल रडल्याचं ऐकू येतं.

बुवा दामाजीपंतांचं आख्यान लावतात. हे आख्यान इथल्या लोकांना परकं नाही. इथून भीमेच्या धारेनं खाली गेलात की पंढरपूर, आणि त्याच्या पुढं मंगळवेढं. तिथले दामाजीपंत बेदरच्या पातशहाचे अंमलदार. दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, आणि पंतांनी सरकारी कोठारं उघडली. पातशहानं त्यांना धरून आणायला शिपाई पाठवले. दुष्काळ हा शब्द बुवांनी उच्चारला की पुढच्या ओळीतले म्हातारे मान खाली घालतात. जात्यापाशी भेटलेली म्हातारी पदराचं टोक तोंडात धरते. कोठार उघडणारा एकही माणूस तिच्या वाट्याला आला नव्हता.

मग कथेचा तो भाग येतो ज्यासाठी सगळे जागे आहेत. पंत बेदरला पोचायच्या आधी विठ्ठल स्वतः निघाला. कोणत्या रूपानं? राजाच्या नाही, ब्राह्मणाच्या नाही. फाटकी लंगोटी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. विठू महार झाला. भर दरबारात गेला, थैली ओतली, धान्याचा पैन् पै हिशेब चुकता करून पावती घेतली. बुवा वीणा बाजूला सारतात, कमरेत वाकतात, आणि देवाच्या तोंडचा शब्द पातशहापुढं म्हणून दाखवतात.

“जोहार, मायबाप!”

क्षणभर सगळं थांबतं. आणि ओट्याच्या पलीकडून, अंधारातून, एक घोगरा आवाज त्याला उत्तर देतो, “जोहार!”

आवाज तुम्हाला ओळखू येईल. काल सकाळी तुम्ही त्याच्या मागं चालला होतात.

कुणी हसत नाही, कुणी रागावत नाही. पाटील मागं वळून बघतो आणि पुन्हा पुढं बघतो. बुवा डोळे मिटून हात जोडतात ते मूर्तीकडं नव्हे, अंधाराकडं. मृदंग सुरू होतो. पुढं बुवा चोखोबांची कथा घेतात. तीही मंगळवेढ्याचीच. गावकूस बांधायला महारांना वेठीला धरलं, कूस कोसळलं, चोखोबा त्याखाली गेले, 1338 साली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला नेल्या. चोखोबांची समाधी देवळाच्या आत नाही, महाद्वारासमोर आहे. पाचशे वर्षं झाली त्याला. लोक रडतात. ते रडणं खरं आहे, मी त्यांच्यात बसून पाहिलं असतं तर मीही रडलो असतो. पण कीर्तन संपल्यावर प्रसादाची पत्रावळ ओट्यावरून खाली ठेवली जाते, हातात दिली जात नाही, हेही तितकंच खरं आहे. देवाला महार होताना पाहून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांच्या हाताला तेवढी चार बोटांची जागा ओलांडता आली नाही. भक्ती त्या रात्री अंधारापर्यंत पोचली आणि तिथंच थांबली.

तेरसेच्या पहाटे नृसिंहपूरच्या गाड्या जुंपल्या जातात. जत्रेला जाणारे थोडेच, बैल ज्यांचे धड आहेत ते. प्रल्हादानं वाळूच्या मूर्तीची पूजा केली असं तिथं मानतात. म्हातारी पायीच निघाली आहे. येसकर वेशीवर उभा आहे. तुम्हीही आता निघा. त्याच्यासमोरून जाताना थांबा आणि पुन्हा एकदा रामराम म्हणा. या वेळी तो दचकणार नाही. हलक्या आवाजात, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, तोही म्हणेल.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, त्यांना नाही. आकार खरोखरच कमी होईल, पडीक जमीन नांगराखाली येईल, पांढरीतल्या बऱ्याच जोत्यांवर पुन्हा घरं चढतील. इंदापुरात ठरलेली ही पद्धत पुढं साऱ्या मुंबई इलाख्यात जाईल. तीस वर्षं भरल्यावर 1867 साली आकार पुन्हा चढेल, सावकाराच्या वह्या जाड होतील, आणि 12 मे 1875 ला इथून फार लांब नसलेल्या सुप्यात शेतकरी त्या वह्या आणि गहाणखतं पेटवून देतील. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडतील, आणि शिव राखण्याच्या बदल्यात चोवीस तास राबवून घेणारं ते वतन कायद्यानं रद्द व्हायला 1958 साल उजाडेल.

परत आलात की एक काम करा. तलाठी कार्यालयात किंवा भूमी अभिलेखाच्या कचेरीत आपल्या गावचा गावनकाशा बघायला मागा. आतले सर्व्हे नंबर बदलून गट नंबर झालेले असतील. बाहेरची हद्दीची रेघ बोटानं एकदा पूर्ण फिरवा. मग गावातल्या राजवाड्यात, म्हणजे पूर्वीच्या महारवाड्यात, जा, जुन्या माणसांपाशी बसा, आणि विचारा की आपल्या गावची शिव पूर्वी कोण दाखवायचं, त्याचं नाव काय, त्याच्या बापाचं नाव काय. जेवढी नावं सांगतील तेवढी लिहून घ्या. पाण्याचा तांब्या देतील, तो हातात घ्या.